ऑनलाइन परीक्षणांची मांडणी आणि तपासणी: घाईतल्या वाचकासाठी काय करावे?

रेघोट्या (धागाकर्ता)

वस्तू, पुस्तके, चित्रपट, ॲप, सेवा यांविषयी आपण ऑनलाइन परीक्षणे लिहितो आणि लिहितो त्याच्या कितीतरी पट वाचतो. लिहायला बसलो की मात्र वाचणारा कोण आहे, याचा विसर पडतो. परीक्षण वाचणाऱ्याला काहीतरी घ्यायचे असते किंवा टाळायचे असते, समोर तशाच आणखी चाळीस अभिप्रायांची रांग असते, आणि बहुधा तो फोनच्या पडद्यावर अंगठा फिरवत वाचत असतो. अशा वाचकाला विरामचिन्हांवाचून सलग वीस ओळी दिल्या, तर त्यांत कितीही उपयुक्त माहिती असली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

वेबवरचा मजकूर लोक कसा वाचतात, याची पाहणी जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स या संशोधकांनी १९९७ मध्ये केली होती. नवे पान समोर आल्यावर ७९ टक्के लोक ते चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच निघाले. पुढे त्यांनी एकाच संकेतस्थळाचे वेगवेगळे मसुदे करून पाहिले. शब्द निम्म्यावर आणल्यावर वापरसुलभता ५८ टक्क्यांनी वाढली, मजकूर चाळता येईल अशी मांडणी केल्यावर ४७ टक्क्यांनी वाढली, आणि मांडणीला हात न लावता केवळ जाहिरातीचा सूर काढून टाकल्यावर २७ टक्क्यांनी वाढली. तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर हाच आकडा १२४ टक्क्यांवर गेला. परीक्षणांच्या बाबतीत मला २७ हा आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘पैसे वसूल’ हे शब्द गाळायला कोणतेही तंत्र शिकावे लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की परीक्षण तपासताना कामाचा क्रम नुकसानीप्रमाणे लावावा. वाचकाची दिशाभूल करू शकेल असे जे काही असेल, म्हणजे आकडे, एकके, वस्तूचे नेमके नाव आणि ‘नाही’ हा शब्द, ते सर्वांत आधी पाहावे. त्यानंतर वाचक ज्यामुळे कंटाळून निघून जाईल ते पाहावे. म्हणजे परिच्छेद, क्रम आणि लांबी. नुसते डोळ्याला खुपणारे दोष शेवटी घ्यावेत. आपल्याकडे बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालतात आणि दीड तासाचे पंधरा तास झालेले कोणाच्या लक्षातही येत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक नमुना देतो. तो मी रचलेला आहे, पण अशी परीक्षणे सर्वांनीच पाहिली असतील:

> खुप छान हेडफोन आवाज तर एकदम मस्त पण बॅटरी कंपनी सांगते ३० तास मला १८ते२० मिळतात नॉइज कॅन्सलेशन चालु केल तर अजुन कमी कानावर दाब येतो चष्मा असेल तर तासा भरा नंतर दुखत माईक बद्दल सांगायच तर घरात ठीक बाहेर समोरच्याला ऐकु जात नाही अस नाही पण वारा असेल तर प्रॉब्लेम एकंदर घ्यायला हरकत नाही!!!!!

या लेखकाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे उघड आहे. आता हे कसे दुरुस्त कराल?

कानामात्रा

उत्तम विषय. मी असे करीन:

> आवाज उत्तम. चष्मा वापरणाऱ्यांनी आधी घालून पाहावा
>
> संगीतासाठी आवाज उत्तम आहे. चष्मा नसेल, तर हा हेडफोन घ्यायला हरकत नाही.
>
> कानांवर दाब येतो. चष्मा घातलेला असताना तासाभरानंतर कान दुखू लागतात.
>
> कंपनी ३० तास सांगत असली, तरी बॅटरी प्रत्यक्षात १८ ते २० तास टिकते. नॉइज कॅन्सलेशन सुरू असेल, तर त्याहूनही कमी टिकते.
>
> माइक घरात ठीक आहे. बाहेर वारा असेल, तर समोरच्याला नीट ऐकू जात नाही.

निष्कर्ष मी मुद्दाम वर आणला आहे. बहुतेक ठिकाणी परीक्षणाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर ‘आणखी वाचा’च्या मागे दडलेला असतो. मूळ मजकुरात निष्कर्ष शेवटच्या ओळीत होता. म्हणजे ज्याला तो सर्वांत जास्त हवा, त्यालाच तो दिसला नसता. शीर्षकाबाबतही तेच म्हणता येईल. ‘छान’ किंवा ‘ठीकठाक’ हे शीर्षक शेजारच्या ताऱ्यांनी आधीच सांगितलेले असते, त्यामुळे शीर्षकात निकाल आणि त्याची अट, अशा दोन्ही गोष्टी याव्यात.

परिच्छेदाचे म्हणाल, तर एका परिच्छेदात एक मुद्दा आणि मध्ये एक मोकळी ओळ एवढे पुरते. संगणकावर पाच ओळींत मावणारा परिच्छेद फोनवर निम्मा पडदा व्यापतो.

उभी_रेघ

कानामात्रा, तुमचा मसुदा वाचायला कितीतरी सोपा झाला आहे, यात शंका नाही. तरीही माझी हरकत आहे, आणि ती शैलीबद्दलची नाही.

मूळ लेखकाने ‘एकंदर घ्यायला हरकत नाही’ असे बिनशर्त म्हटले आहे. ‘चष्मा नसेल, तर’ ही अट तुम्ही घातलीत. ‘संगीतासाठी’ हा शब्द मूळ मजकुरात कोठेही नाही. चित्रपट पाहतानाचा आवाजही त्याच्या मनात असू शकेल. ‘दुखत’ एवढेच लिहिले आहे, त्यात काय दुखते हे सांगितलेले नाही. तुम्ही कान धरलेत, पण चष्म्याची दांडी हेडफोनच्या गादीखाली दाबली गेली की कानामागे किंवा कानशिलाजवळही दुखू शकते. शिवाय ‘दुखत’ वर अनुस्वार नसल्यामुळे तेथे ‘दुखत नाही’ असे लिहायचे होते आणि ‘नाही’ राहून गेले, असाही एक वाचक गृहीत धरू शकतो. दाब येतो असे आधी म्हटले आहे, म्हणून दुखत असावे असा आपण तर्क करतो, पण तो तर्कच आहे.

माइकच्या वाक्यात तर अर्थच फिरला. ‘ऐकू जात नाही असे नाही’ म्हणजे ऐकू जाते. वारा असताना काय अडचण येते, हे त्याने सांगितलेलेच नाही. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज पलीकडे जात असेल, किंवा शब्द तुटत असतील. तुमच्या वाक्यात मात्र ठाम निर्णय आला.

बॅटरीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. १८ ते २० तास हे नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) बंद ठेवून मिळाले, असे ‘चालू केलं तर अजून कमी’ वरून वाटते. मग सुरू ठेवल्यावर नेमके किती? कंपनीचे ३० तास कोणत्या स्थितीतले? अशा वस्तूंच्या वेष्टनावर हे दोन आकडे पुष्कळदा वेगवेगळे दिलेले असतात. चुकीची जोडी लावून तुलना केली, तर कंपनीवर अन्याय होईल किंवा वाचकावर.

एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ होतो हे आपण जाणतो. येथे तर चांगल्या हेतूने, सुबक परिच्छेदांत तो झाला आहे. सुबक असल्यामुळे त्याच्यावर विश्वासही अधिक बसेल.

रेघोट्या

उभी_रेघ यांच्या प्रतिसादामुळे धाग्याला खरी दिशा मिळाली. दुसऱ्याचे परीक्षण दुरुस्त करताना भाषा सुधारता येते, माहिती भरता येत नाही. म्हणून ही तपासणी ज्याने वस्तू वापरली त्यानेच करायची आहे, आणि ती प्रश्न विचारत करायची आहे: काय दुखते, केव्हा, कोणत्या स्थितीत, किती वेळाने? मूळ लेखकाने चार शब्द वाढवले असते (‘नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून’), तर बॅटरीबाबतचा गोंधळ तेथेच मिटला असता.

नील्सन यांच्या पाहणीतील ‘शब्द निम्मे करा’ हा सल्ला येथे जरा जपून घ्यावा लागतो, तो याचमुळे. परीक्षणात छाटायचे असते ते कौतुक, पुनरुक्ती आणि प्रस्तावना. अटी आणि परिस्थिती सांगणारे शब्द छाटले, तर उरलेले वाक्य आटोपशीर दिसते, पण उपयोगाचे राहत नाही.

पाटीपेन्सिल

थोडे तांत्रिक लिहितो, कारण पुष्कळांची मांडणी लिहिताना ठीक असते आणि प्रकाशित झाल्यावर विस्कटते.

ब्राउझर एचटीएमएलमधील (वेबपाने ज्या संकेतभाषेत लिहितात तिच्यातील) सलग मोकळ्या जागा आणि नव्या ओळी सर्वसाधारणपणे एकाच मोकळ्या जागेत गुंडाळतो. काही संकेतस्थळे तुमच्या एंटरचे रूपांतर नव्या ओळीत करून देतात, काही देत नाहीत. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये आणलेली मार्कडाउन ही साध्या खुणांनी मांडणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरात आहे. तिच्या मूळ नियमानुसार एकदा एंटर दाबल्याने नवा परिच्छेद होत नाही. मध्ये एक पूर्ण मोकळी ओळ सोडावी लागते. म्हणून कोठेही लिहा, दोन परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ सोडा. ती जवळजवळ सगळीकडे टिकते.

स्पेस देऊन रकाने जुळवण्याच्या फंदात पडू नये, ते फोनवर हमखास मोडतात. त्याचप्रमाणे, खरेदीच्या संकेतस्थळांवरील अनेक चौकटी केवळ साधा मजकूर स्वीकारतात. तेथे शब्द ठळक करण्यासाठी दिलेल्या ताऱ्यांच्या खुणा तशाच तारे म्हणून छापल्या जातात. ‘पूर्वदृश्य’ची सोय असेल तर ती पाहावी, नसेल तर प्रकाशित केल्यावर लगेच एकदा फोनवर उघडून पाहावे.

आता लांबीविषयी. गूगल प्ले स्टोअरवर परीक्षणाला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. येथे देवनागरीत लिहिणाऱ्यांची एक निराळी अडचण होते, कारण यंत्र जी ‘अक्षरे’ मोजते ती युनिकोडची (संगणकावर सर्व लिप्या लिहिण्याच्या सामाईक व्यवस्थेतली) चिन्हे असतात. ‘इस्त्री’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो सात चिन्हांचा आहे: इ, स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकाराची खूण. म्हणजे डोळ्यांना दिसणारी जागा शिल्लक असते आणि चौकट मात्र भरलेली असते. शेवटचे वाक्य मध्येच तुटू नये, म्हणून मजकूर आधी टिपणवहीच्या ॲपमध्ये लिहून मग चौकटीत चिकटवणे चांगले. चौकटीतच लिहिले आणि पान ताजे झाले, तर सगळे वाहून जाते, हा त्रास वेगळाच.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मात्र कधीही तसाच चिकटवू नका. वाचकाला निरर्थक चिन्हांची माळ दिसेल.

सावलीतला_वाचक

‘निष्कर्ष वर घ्या’ यास सहमत. ठळक ठशाबद्दल कोणी काही सांगेल का? काही जण प्रत्येक ओळीतला एक शब्द ठळक करतात आणि मला तर डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागतात.

कानामात्रा

देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे ‘ओरडून’ लिहिण्याची सोय नाही. मग लोक ती भूक ठळक ठशावर, उद्गारचिन्हांवर आणि ‘खूऊऊऊप’ वर भागवतात. माझ्या मते एका परीक्षणात एक किंवा दोनच जागा ठळक असाव्यात, आणि त्या कौतुकाच्या असण्यापेक्षा इशाऱ्याच्या असाव्यात. ‘चष्मा वापरणाऱ्यांना त्रास होऊ शकतो’ हे ठळक करण्याजोगे वाक्य आहे. ‘आवाज मस्त’ हे नाही.

तिरपा ठसा देवनागरीत शक्यतो टाळावा. अनेक फॉन्टना खरा तिरपा ठसाच नसतो. यंत्र सरळ अक्षर ओढूनताणून वाकवते आणि जोडाक्षरे ओळखू येईनाशी होतात. ठळक ठशातही लहान आकारात जोडाक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते, म्हणून सलग परिच्छेद ठळक करू नये.

श्रवणी

मी स्क्रीन रीडरवर वाचते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर यंत्र मला वाचून दाखवते. त्यामुळे मांडणीतल्या काही गोष्टी, ज्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात, त्या मला फार जाणवतात.

हौसेने टाकलेल्या दहा इमोजींची नावे यंत्र एकामागून एक उच्चारत जाते. ‘हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा’ हे लागोपाठ दहा वेळा ऐकल्यावर मूळ वाक्य काय होते, ते आठवत नाही. दोन मुद्द्यांमध्ये शोभेसाठी काढलेली ताऱ्यांची किंवा समान चिन्हांची रांगही तशीच असते. वाक्याच्या शेवटी एखादा इमोजी असेल, तर काहीच बिघडत नाही.

दुसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांच्या विशेष सवयीची आहे. पुष्कळ जण अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकतात: ‘वजन: २५० ग्रॅम’ असे न लिहिता ‘वजनः २५० ग्रॅम’ असे लिहितात. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी दोन टिंबेच दिसतात, पण यंत्रासाठी विसर्ग हा त्या शब्दाचाच भाग असतो आणि उच्चार बिघडतो. शोधतानाही तीच अडचण येते.

शोधाचा विषय निघालाच आहे, तर ‘चष्मा वापरणाऱ्या’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो: एका प्रकारात त्यासाठीचा वेगळा र वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखेच, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळे. त्यामुळे ‘वापरणाऱ्या’ असे शोधणाऱ्याला समोर असलेला शब्दही कधी कधी सापडत नाही. यावर लिहिणाऱ्याने करण्यासारखे फारसे नाही. आपला कीबोर्ड काय देतो ते माहीत असावे, इतकेच.

छायाचित्रातच सर्व माहिती लिहून टाकणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे. तो मजकूर माझ्यापर्यंत येतच नाही. चित्राखाली एक ओळ लिहा.

पाटीपेन्सिल

श्रवणीताई, उपयुक्त माहिती. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर ओळीची लांबी ८० चिन्हांहून जास्त नसावी, मजकूर दोन्ही बाजूंनी ताणून जुळवलेला नसावा आणि परिच्छेदातील ओळींमध्ये किमान दीडपट अंतर असावे, असे सांगितले आहे. हे संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी पाळायचे आहे. परीक्षण लिहिणाऱ्याच्या हातात यांपैकी काही नसते. त्याच्या हातात परिच्छेद कोठे तोडायचा एवढेच असते, आणि नेमके तेच तो करत नाही.

चौथी_ओळ

येथे सर्वांचा कल मुद्देसूद मांडणीकडे दिसतो, म्हणून थोडी उलट बाजू मांडतो. फायदे-तोटे अशा दोन याद्या करून लिहिलेली परीक्षणे मला पुष्कळदा पोकळ वाटतात. यादीत घातल्याबरोबर मुद्द्यांमधले नाते तुटते. ‘आवाज चांगला’ आणि ‘कानावर दाब’ हे दोन वेगळे मुद्दे म्हणून समोरासमोर ठेवले जातात, पण प्रत्यक्षात हेडफोन घट्ट बसतो म्हणूनच बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आवाज चांगला वाटतो, असे असू शकते. हे ‘म्हणूनच’ यादीत मावत नाही. त्यासाठी पूर्ण वाक्य लागते, प्रसंगी लांब वाक्य लागते.

याद्यांचा दुसरा दोष म्हणजे त्या भरण्याचा मोह होतो. तोट्यांच्या रकान्यात दोनच गोष्टी असल्या, तर समतोल दिसावा म्हणून लोक ‘रंग आणखी हवे होते’ असले काहीतरी घुसडतात. वाचणारा मुद्दे मोजतो आणि पाच विरुद्ध पाच म्हणजे वस्तू मध्यम, असे ठरवून मोकळा होतो. खरे तर एकच तोटा बाकी सगळ्यावर पाणी फिरवणारा असू शकतो.

मोजमापे, आवृत्त्या, सोबत काय काय आले, यांसाठी यादी उत्तम. अनुभवासाठी परिच्छेद. चित्रपट किंवा पुस्तक यांचे परीक्षण असेल, तर यादीचा विचारही करू नये. तेथे फक्त एवढे पाहावे की कथानक उघड करणारा भाग वेगळा ठेवला आहे आणि त्याआधी स्पष्ट इशारा दिला आहे. संकेतस्थळावर तो भाग झाकण्याची सोय असेल, तर ती वापरावी.

उभी_रेघ

चौथी_ओळ यांच्याशी सहमत, विशेषतः ‘समतोल दिसावा म्हणून’ या मुद्द्याशी.

अठरा_नियम

सर्वांनी शुद्धलेखनाला शेवटच्या बाकावर बसवले आहे, म्हणून माझ्या सदस्यनामाला जागून लिहितो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे हे अठरा नियम आहेत. सामान्य परीक्षणकाराला ते सगळे पाठ असण्याची गरज नाही. नमुन्याकडे नीट पाहा, म्हणजे चुका वाटतात तितक्या प्रकारच्या नाहीत, हे लक्षात येईल.

‘चालु’ आणि ‘ऐकु’: मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ असतो, म्हणून चालू, ऐकू. (‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद.) ‘खुप’ आणि ‘अजुन’: शेवटी अ असलेल्या मराठी शब्दांत त्याआधीच्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ, म्हणून खूप, अजून. दोन नियमांत चार चुका गेल्या. ‘केल’, ‘सांगायच’, ‘अस’, ‘दुखत’ या चारही ठिकाणी बोलण्यातला अनुस्वार गळला आहे. बोलीच्या वळणाने लिहायचे असेल, तर ‘केलं, सांगायचं, असं, दुखतं’ लिहावे. नाहीतर सरळ ‘केले, सांगायचे, असे, दुखते’ लिहावे. दोन्ही चालते, मात्र अधलेमधले चालत नाही, कारण ‘दुखत’ ने काय घोटाळा होतो ते वर उभी_रेघ यांनी दाखवलेच आहे. उरलेल्या चुका शब्द तोडण्याच्या आहेत: ‘तासा भरा नंतर’, ‘माईक बद्दल’. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचे असते. ते तोडले की ओळीच्या शेवटी ‘तासा’ आणि पुढच्या ओळीत ‘भरा’ अशी फाळणी होते आणि वाचणारा अडखळतो.

म्हणजे तीन सवयी लागल्या, तर अशा परीक्षणातल्या जवळजवळ सर्व लेखनचुका जातात. हे काम लोक समजतात तितके अवघड नाही.

रेघोट्या

अठरा_नियम, मी शुद्धलेखनाला शेवटी ठेवले ते कामाच्या क्रमात, महत्त्वात नव्हे. तुमच्या ‘दुखत’ च्या उदाहरणाने मात्र हेही दिसले की काही लेखनचुका पहिल्याच गटात, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या चुकांत, येतात. त्या तेथेच घ्याव्यात. आपली बोली लिहिणाऱ्याला कोणी टोकू नये, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन. अर्थ स्पष्ट असेल, तर बोलीतले परीक्षण प्रमाण भाषेत आणण्याचे कारण नाही.

सावलीतला_वाचक

स्वतःचे लिखाण तपासताना चुका दिसतच नाहीत, यावर काही उपाय?

अठरा_नियम

दिसत नाहीत, कारण काय लिहायचे होते ते आपल्याला ठाऊक असते आणि डोळा तेच वाचतो. छापखान्यांत यावर जुना तोडगा होता: एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि मुद्रितशोधक समोरच्या प्रुफावर बोट ठेवून ऐकायचा. आता फोन मजकूर वाचून दाखवतो. परीक्षण त्याच्याकडून वाचून घ्यावे. तो आपल्या मनातले वाचत नाही. लिहिले असेल तेच वाचतो. गळलेला ‘नाही’ कानाला लगेच कळतो.

शब्द सुचवणाऱ्या कीबोर्डमुळे एक नवा प्रकार वाढला आहे. पूर्वी चुकलेला शब्द अर्थहीन असे, त्यामुळे तो उठून दिसे. आता ‘आवाज कमी येतो’ चे ‘आवाज कामी येतो’ होते आणि ‘बटण दाबले’ चे ‘बटण दबले’ होते. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा चुकांसाठी शेवटचे वाक्य आधी, मग त्याआधीचे, असे उलट्या क्रमाने वाचून पाहावे. कथेचा ओघ तुटतो आणि प्रत्येक वाक्य आपल्या पायावर उभे आहे का, ते कळते. फॉन्ट किंवा अक्षरांचा आकार बदलूनही नजर ताजी होते.

आकडे मात्र या वाचनात तपासू नयेत. त्यांची स्वतंत्र फेरी करावी, आणि तीही स्मरणावरून न करता वेष्टन किंवा वस्तू समोर ठेवून करावी. संपूर्ण मजकुरात अंक एकाच लिपीतले ठेवावेत. लहान आकारात १ आणि ९ यांत गल्लत होते, त्यात दोन लिप्यांची सरमिसळ केली, तर वाचणारा कोणता अंक कोणत्या लिपीतला हे ठरवत बसतो.

चौथी_ओळ

हल्ली बरेच जण परीक्षण एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला देऊन ‘नीट करून दे’ म्हणतात. परत येणारा मजकूर चकचकीत असतो, आणि त्यातून ‘चष्म्याची दांडी’, ‘वारा’, ‘तासाभरानंतर’ हेच तपशील गायब झालेले असतात. त्यांच्या जागी ‘दीर्घकाळ वापरासाठी काहीशी अस्वस्थता जाणवू शकते’ असे वाक्य येते, जे कोणत्याही वस्तूला लागू पडेल. वापरायचेच असेल, तर ‘चुका दाखव, वाक्ये बदलू नकोस’ असे सांगावे आणि कोणती दुरुस्ती घ्यायची ते स्वतः ठरवावे.

श्रवणी

यास पूर्ण अनुमोदन. लागोपाठ दहा परीक्षणे ऐकली की त्यांतली कोणती अशी घडवलेली आहेत, ते आता लगेच कळते; सगळ्यांची लय एकच असते.

पाटीपेन्सिल

एक मुद्दा राहिला: प्रकाशित झाल्यानंतरची दुरुस्ती. टंकनचूक असेल, तर गुपचूप सुधारावी, त्यासाठी निवेदन नको. मत किंवा माहिती बदलली असेल, तर मात्र जुना मजकूर पुसून टाकू नये; खाली आलेल्या प्रतिसादांना मग संदर्भच उरत नाही. सर्वांत वर ‘सुधारणा’ असे लिहून एका वाक्यात काय बदलले ते सांगावे, जुना भाग खाली तसाच ठेवावा, आणि तारीख लिहिताना महिन्याचे नाव लिहावे. ५/६ म्हणजे काहींसाठी पाच जून आणि काहींसाठी सहा मे असतो.

सावलीतला_वाचक

आणि ॲपच्या परीक्षणाचे काय? ॲप तर दर काही आठवड्यांनी बदलते.

पाटीपेन्सिल

तेथे आवृत्तीचा क्रमांक आणि फोनच्या प्रणालीची आवृत्ती पहिल्या दोन ओळींत यावी. ‘फोटो अपलोड होत नाही’ ही तक्रार कोणत्या आवृत्तीची, हे कळले नाही, तर ती सुटली आहे की अजून तशीच आहे, हे वाचणाऱ्यालाही कळत नाही आणि ॲप तयार करणाऱ्यालाही नाही. पुढच्या आवृत्तीत दोष गेला, तर परीक्षणाबरोबर तारेही बदलावेत. मजकुरात ‘आता नीट चालते’ आणि वर एकच तारा, अशी परीक्षणे आजही ढिगाने सापडतात.